दोन शेर तांबे

१७७१ चा जुलै महिना. उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, झाड नावाला उरत नाही अशा उघड्या टेकड्यांवर लंडनचा एक सव्विशीतला खलाशी आणि त्याच्याबरोबरचे डेने या तिथल्या मूलनिवासी जमातीचे लोक माना खाली घालून दगड चाळत होते. जवळजवळ चार तास हे चालले. त्यातून तांब्याचा धड म्हणावा असा एकच तुकडा हाती आला. वजन चार पौंडांहून थोडे अधिक, म्हणजे आपल्या जुन्या मापात दोन शेर. एवढ्यासाठी सॅम्युएल हर्न हडसन उपसागरावरच्या किल्ल्यातून निघाला होता आणि हा त्याचा तिसरा प्रयत्न होता. त्याला सांगण्यात आले होते की इथे टेकड्याच्या टेकड्या तांब्याच्या आहेत, आणि जहाजाच्या तळाशी भार म्हणून दगडाऐवजी तांबेच भरता येईल.

ही वदंता हर्नच्या जन्माआधीची. १७१४ मध्ये थानाडेल्थर नावाची एक चिपेवायन डेने स्त्री क्री लोकांच्या कैदेतून निसटून हडसन्स बे कंपनीच्या यॉर्क ठाण्यावर पोहोचली. तिच्या आणि तिच्या लोकांच्या तोंडून तिथला गव्हर्नर जेम्स नाइट याने दूर वायव्येकडच्या धातूच्या गोष्टी ऐकल्या आणि त्या त्याच्या डोक्यात घट्ट बसल्या. थानाडेल्थर १७१७ मध्ये वारली. त्याच वर्षी चर्चिल नदीवर कंपनीचे ठाणे पडले. १७१९ मध्ये म्हाताऱ्या नाइटने दोन जहाजे घेऊन उत्तरेचा रस्ता धरला आणि तो परत आलाच नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी मार्बल बेटाजवळ त्या जहाजांचे अवशेष सापडले. ते पाहणाऱ्यांत तरुण हर्नही होता. तांब्याच्या नादाने आधीच्या पिढीचे काय झाले हे त्याने निघण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिले होते.

कंपनीला घाई होती असे नव्हे. ती मुळात फरचा व्यापार करणारी, किनाऱ्यावर बसून राहणारी. डेने आणि क्री लोकांनी बीव्हरची कातडी आणून द्यायची, बंदूक, घोंगडी आणि लोखंड घेऊन जायचे, हा तिचा धंदा. पण लंडनमध्ये तिच्यावर टीका चालू होती की सनद एवढ्या मोठ्या मुलखाची घेतली आणि शोध काडीचा लावला नाही. १७४९ मध्ये पार्लमेंटने या प्रकरणाची चौकशीही केली. त्यामुळे चर्चिलच्या प्रिन्स ऑफ वेल्स किल्ल्याचा गव्हर्नर मोझेस नॉर्टन याने डेने लोकांनी आणलेले तांब्याचे तुकडे आणि त्यांनीच काढून दिलेला एक नकाशा लंडनला दाखवला, तेव्हा मंजुरी मिळाली. तांब्याच्या टेकड्यांजवळून वाहणारी कॉपरमाइन नदी कुठे आहे, खाण कशी आहे, आणि जमल्यास वायव्येकडून समुद्रमार्ग जातो का, हे पाहून येण्याचे काम हर्नवर सोपवले गेले.

पहिल्या खेपेला तो ६ नोव्हेंबर १७६९ रोजी निघाला, किल्ल्यावरून तोफांची सलामी घेऊन. महिनाभरात वाटाड्याने सामान लुटू दिले, स्वतःही पाठ फिरवली, आणि ११ डिसेंबरला हर्न हात हलवत परत आला. दुसऱ्या खेपेला फेब्रुवारी १७७० मध्ये निघाला. यावेळी तो बराच आत गेला. पण ऑगस्टमध्ये जेवायला बसला असताना वाऱ्याने उभा ठेवलेला क्वाड्रंट पडून मोडला. सूर्याची उंची मोजायचे साधनच गेल्यावर पुढे जाऊन नोंदवणार काय? वाटेत लूटमार झाली, थंडी उतरू लागली, अंगावर धड कपडे नाहीत. अशा अवस्थेत सप्टेंबरमध्ये त्याला मॅटोनबी भेटला.

या हकिगतीचा खरा नायक मला मॅटोनबीच वाटतो. हर्नचे नाव पुस्तकावर आहे एवढेच. मॅटोनबी चिपेवायन पुढारी. त्याचा जन्म किल्ल्यावरचा, लहानपणी गव्हर्नराच्या घरात वावरलेला, त्यामुळे इंग्रजांचे ढंग त्याला ठाऊक होते. उंचापुरा, शब्दाला जागणारा. क्री आणि चिपेवायन यांच्यातले वैर मिटवण्यासाठी तो एकटा शत्रूच्या मुलखात जाऊन राहिला होता. त्याने हर्नला कातडी कपडे दिले, बर्फावर चालायचे जोडे करून घ्यायला लाकडाच्या जागी नेले, आणि मग त्याच्या दोन्ही फेऱ्या का फसल्या याचे निदान केले. तुमच्याबरोबर बायका नव्हत्या, हे ते निदान. पुरुषांनी शिकार करायची की ओझी वाहायची? मेलेला कॅरिबू, म्हणजे तिकडचा रेनडिअर, ओढून आणणे, तंबू उभारणे, कातडी कमावणे, कपडे शिवणे हे सगळे बायका करतात, आणि एक बाई दोन पुरुषांएवढे ओझे ओढते, असे त्याचे म्हणणे. हर्नने ते लिहून ठेवले. त्यातला पुरुषी मिजासखोरपणा आजच्या वाचकाला टोचेलच. पण त्या मुलखात माणूस जगतो कशावर, याचा हिशेब लंडनच्या कोणत्याही सूचनापत्रापेक्षा त्यात अधिक पक्का होता.

७ डिसेंबर १७७० रोजी तिसरी फेरी निघाली. पुण्यात तेव्हा थोरल्या माधवरावांची कारकीर्द चालू होती, आणि येत्या दोन महिन्यांत मराठे पुन्हा दिल्लीत शिरणार होते. इकडे मॅटोनबी, त्याच्या सहा-सात बायका, मुले, आणि एकच गोरा माणूस. सरळ रेषेत मोजले तरी चर्चिलपासून नदीच्या मुखापर्यंत चौदाशे किलोमीटरांच्या घरात. ते सरळ गेलेच नाहीत. कॅरिबूचे कळप जिकडे, तिकडे ते. आधी पश्चिमेला झाडीच्या कडेकडेने, मग उन्हाळ्याच्या तोंडाला उत्तरेला. कधी भरपेट, कधी दिवसेंदिवस पाणी आणि तंबाखूवर.

वाटेत आणखी डेने पुरुष येऊन मिळू लागले. त्यांना तांब्यात रस नव्हता. ते नदीच्या मुखाशी राहणाऱ्या इनुइटांवर हल्ला करायला निघाले होते. हर्नने अडवून पाहिले. तो घाबरला, असे त्यांनी म्हटल्यावर गप्प बसला. १७ जुलैच्या पहाटे, समुद्रापासून काही मैलांवर जिथे नदी धबधब्यासारखी उड्या घेते, तिथे झोपेत असलेल्या छावणीवर झडप पडली. वीसहून अधिक माणसे मारली गेली; पुरुष, बायका, मुले. हर्नच्या पुस्तकात एका तरुण मुलीच्या मृत्यूचे जे वर्णन आहे ते वाचवत नाही. पुस्तक छापून आले ते चोवीस वर्षांनी, आणि त्या प्रसंगावर मधल्या काळात रंग चढवला गेला असावा असे काही अभ्यासक म्हणतात. हत्याकांड झाले, याबद्दल मात्र वाद नाही. त्या जागेला पुढे नाव पडले ब्लडी फॉल्स.

त्याच नोंदीत एक तपशील आहे, आणि या लेखाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. कत्तल आटोपल्यावर हल्लेखोरांनी तंबू धुंडाळले आणि उचलले काय, तर तांब्याच्या वस्तू. कुऱ्हाडी, सुरे, भाल्यांची पाती. म्हणजे हर्न ज्याच्या शोधात होता ते तांबे त्याच्या डोळ्यांसमोर, घडवलेले, वापरातले, घराघरांत होते. खाण अजून तीसेक मैल दूर होती.

मग ते टेकड्यांवर गेले आणि चार तास शोधत बसले. हर्नचा निष्कर्ष रोखठोक आहे. खाण म्हणतात ती जागा म्हणजे दगडगोट्यांचा अस्ताव्यस्त पसारा, मधून एक ओढा जातो, बस्स. नदी उथळ, खडकाळ, मुखाशी वाळूचे बांध. जहाज आत येणे अशक्य. समुद्र जुलैतही बर्फाने भरलेला.

पण त्याला आणखी एक गोष्ट दिसली आणि त्याने ती प्रामाणिकपणे नोंदवली. टेकड्यांकडे चारी बाजूंनी जुन्या पाऊलवाटा येत होत्या. कोरड्या उंचवट्यांवर त्या अजून खोल उमटलेल्या होत्या, सखल दलदलीत गवताने झाकल्या होत्या. चर्चिलला कंपनीचे ठाणे पडण्यापूर्वी दरवर्षी उन्हाळ्यात दूरदूरचे लोक इथे तांबे वेचायला येत. ठाण्यावर लोखंड मिळू लागले आणि वाटा मोडल्या. डेने लोकांकडून त्याने एक कथाही ऐकली. ही जागा प्रथम एका स्त्रीला सापडली आणि ती दरवर्षी लोकांना तिथे नेई. पुरुषांनी तिचा अपमान केला तेव्हा ती खाणीवर बसून राहिली. म्हणाली, मी जमिनीत जाईन आणि तांबेही माझ्याबरोबर जाईल. पुढच्या वर्षी लोक आले तेव्हा ती कमरेपर्यंत रुतली होती, त्यानंतरच्या वर्षी दिसेनाशी झाली. वर उरले ते इकडे तिकडे पडलेले लहान तुकडे.

हर्नने ती दंतकथा म्हणून सांगितली. भूशास्त्राची ओळख असलेला माणूस ती वाचताना थबकतो, कारण तिथल्या तांब्याचे खरोखर तसेच आहे.

कॉपरमाइन नदीकाठचे हे खडक मराठी वाचकाला परके नाहीत. तो बेसॉल्ट आहे, सह्याद्रीचा काळा कातळ असतो तसाच लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला. फक्त वयात फरक. आपला दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला सुमारे १२७ कोटी वर्षांपूर्वीचा. पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्याचा प्रचंड फुगवटा वर आला, कवच तडकले, आणि त्या भेगांत थिजलेल्या खडकाच्या भिंती, म्हणजे डाइक, पंख्यासारख्या पसरत दोन हजार किलोमीटरांहून लांब कॅनडाभर गेल्या. मॅकेन्झी डाइक म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. कॉपरमाइनच्या टेकड्या म्हणजे त्या उद्रेकाचा वर सांडलेला, थोडका उरलेला भाग. शंभराहून अधिक लाव्हाथर, सगळे मिळून काही किलोमीटर जाडीचे, उत्तरेकडे हलके कललेले.

प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. पुण्या-नाशकाकडच्या दगडखाणींत अशाच पोकळ्यांतून झिओलाइटचे आणि गारेचे सुंदर स्फटिक निघतात. कॉपरमाइनला थर खोल गाडले गेले, तापले, आणि त्यांतून खारट उष्ण पाणी फिरले. बेसॉल्टमध्ये तांबे अगदी किंचित असते, टनामागे शंभर ग्रॅमच्या आसपास. पण किलोमीटरच्या किलोमीटर जाडीतून पाणी फिरत राहिले तर ते किंचितही गोळा होते. हे तांबे मग पोकळ्यांत आणि भेगांत जाऊन बसले. पाण्यात गंधक फारसे नव्हते तिथे शुद्ध धातू म्हणून बसले. गंधक होते तिथे चाल्कोसाइट आणि बोर्नाइट झाले. जिथे मोठे प्रस्तरभंग थरांना कापत गेले, त्या फाटींत ही गंधकयुक्त खनिजे सर्वांत जास्त साठली. चाल्कोसाइट दिसायला करडे-काळे. त्यात ऐंशी टक्क्यांच्या जवळ तांबे असते, हे पाहून कोणालाही कळत नाही. वर फार तर हिरवट डाग.

मग वर पडलेले तुकडे कुठले? ते हिमयुगाचे काम. हजारो वर्षे कॅनडावर बसलेल्या बर्फाच्या थराने हे डोंगर खरवडले. दगडाचा चुरा होतो, तांब्याचा होत नाही. ते वाकते, चेपते, आणि गोळ्याच्या गोळा राहते. बर्फ वितळला तेव्हा हे गोळे माळावर मोकळे पडून राहिले. माणसांनी शतकानुशतके ते वेचले आणि ठोकून हत्यारे केली. आमच्या पुण्याच्या तांबट आळीत पत्र्याला मठारकाम करताना जो ठोका बसतो, त्याच जातीचा हा ठोका; भट्टीत रस करायची गरज नाही. पण वेचलेला तुकडा पुन्हा उगवत नाही. हर्न आला तोवर पिढ्यांनी माळ झाडून नेला होता. उरलेले तांबे कातळाच्या आत होते, म्हणजे त्या बाईने नेले होते तिथेच. हर्नचा अंदाज व्यापारी म्हणून अचूक आणि भूशास्त्राच्या दृष्टीने अर्धवट होता, आणि त्यात त्याचा दोष काहीच नाही. १७७१ मध्ये भूशास्त्र नावाची विद्याच पुरती जन्मलेली नव्हती.

परतीच्या वाटेवर मॅटोनबीच्या लोकांच्या चालीशी बरोबरी करताना हर्नच्या पायांची नखे गेली आणि पावलागणिक रक्ताचा ठसा उमटू लागला. ३० जून १७७२ रोजी तो किल्ल्यावर पोहोचला. जमिनीवरून उत्तर अमेरिकेचा आर्क्टिक किनारा गाठणारा तो पहिला युरोपीय ठरला. नदीच्या मुखाचा अक्षांश मात्र त्याने ७१ अंशांच्या वर दिला. खरा ६८ अंशांच्याही थोडा खाली. चारशे किलोमीटरांहून मोठी चूक. ईस्ट इंडिया कंपनीचा जलनकाशेकार अलेक्झांडर डॅलरिंपल, ज्याची उमेदीची वर्षे मद्रासकडे गेली होती, त्याने या आकड्यांवर बोट ठेवले. हर्न चिडला आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने उत्तर दिले; पण बरोबर डॅलरिंपल होता.

पुढचे हर्न आणि मॅटोनबी या दोघांचेही दिवस वाईट. ऑगस्ट १७८२ मध्ये ला पेरूज या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने प्रिन्स ऑफ वेल्स किल्ला घेतला. हर्नकडे चाळीसच्या आत माणसे होती, त्याने एकही गोळी न झाडता शरणागती दिली. त्याच सुमाराला देवीची साथ डेने वस्त्यांतून फिरली. हर्नच्या अंदाजाने दहांतले नऊ गेले. किल्ला पडल्याचे ऐकून मॅटोनबीने गळफास घेतला, आणि त्याच्या बायकामुलांतली कित्येक त्या हिवाळ्यात उपासमारीने मेली. ज्या बायकांच्या बळावर ही सगळी मोहीम उभी राहिली, त्यांतल्या एकीचेही नाव पुस्तकात धडपणे टिकलेले नाही. हर्न १७९२ मध्ये वारला. पुस्तक तीन वर्षांनी आले.

१८२१ मध्ये जॉन फ्रँकलिन कॉपरमाइन नदीने खाली उतरला. तोच, जो पुढे दोन जहाजांसह नाहीसा होऊन जगभर गाजला. बरोबर डॉक्टर जॉन रिचर्डसन, शल्यचिकित्सक आणि खडकांचा जाणकार. एकवीस माणसांची टोळी नऊ तास टेकड्यांवर फिरली आणि तांब्याचे थोडे बारीक तुकडे घेऊन आली. पण रिचर्डसनने खडक नीट पाहिला: लाव्ह्याचे थर, पोकळ्यांतली खनिजे, त्यांतले तांबे. फ्रँकलिनने निकाल दिला तो तांब्याच्या प्रमाणावर दिलाच नाही. समुद्रातून नदीत वर येता येत नाही आणि वस्ती उभारायला लाकूड नाही, म्हणून व्यापाराच्या दृष्टीने विचार करण्यात अर्थ नाही, असे त्याने लिहिले. परतीला त्या मोहिमेचे जे झाले ते सर्वश्रुत आहे. दगडफूल उकडून आणि बुटांचे चामडे चावून जगण्याची पाळी आली, पुढे समुद्राकडे गेलेल्या वीसांतले अकरा मेले, आणि एका साथीदाराने दुसऱ्याचा खून केला अशा संशयावरून रिचर्डसनला स्वतःच्या हाताने त्याला गोळी घालावी लागली.

फ्रँकलिनचे म्हणणे किती नेमके होते हे कळायला लेक सुपीरियरकडे पाहावे. मिशिगनच्या किवीनॉ द्वीपकल्पातही तसाच प्राचीन लाव्हा, तसेच पोकळ्यांत शुद्ध तांबे, तिथेही स्थानिक लोकांनी हजारो वर्षे वेचलेले. १८४० च्या दशकात तिथे खाणी निघाल्या, १८५५ मध्ये सू इथला कालवा झाला, तांबे सरोवरातून जहाजाने पूर्वेकडे जाऊ लागले आणि अमेरिकेच्या तांब्याचा मोठा हिस्सा काही दशके तिथून आला. तिथे तांबे अधिक साठले होते हे खरेच. पण कॉपरमाइनच्या दारात असे सरोवर असते, तर नशिबाचा फरक एवढा राहिला नसता, असे मला वाटते.

विसाव्या शतकात शोध सुरू झाला तो पुन्हा माणसांच्या हातातल्या सुऱ्यांवरून. कॅनडाच्या आर्क्टिक मोहिमेतला मानववंशशास्त्रज्ञ डायमंड जेनेस १९१४ ते १९१६ या किनाऱ्यावरच्या इनुइटांत राहिला. त्यांना बाहेरचे लोक कॉपर इनुइट म्हणत. त्यांची तांब्याची पाती, बाणांची टोके त्याने गोळा केली. त्याच मोहिमेतल्या जे. जे. ओ'नील या भूशास्त्रज्ञाने पूर्वेला बॅथर्स्ट इनलेटकडचे ताम्रयुक्त लाव्हाखडक तपासले. १९२९ च्या सुमारास विमाने आली. सगळ्या वर्षाचा प्रवास काही तासांवर आला, तरी बर्फाने हिसका दाखवलाच. खनिजशोधावर निघालेल्या मॅकॅल्पाइन यांची टोळी त्या सप्टेंबरात किनाऱ्यावर अडकली आणि समुद्र गोठायची वाट पाहून, इनुइटांच्या मदतीने, चालत केंब्रिज बेला पोहोचली.

१९६७ च्या आसपास खरी झुंबड उडाली. तांब्याचा भाव चढा होता, हेलिकॉप्टरे होती. हजारो दावे नोंदवले गेले. सगळ्यांत बरी जागा ठरली ती ४७ क्रमांकाच्या नावाने ओळखली जाणारी, एका प्रस्तरभंगाच्या कडेची: सुमारे ४० लाख टन धातुक, तीन टक्क्यांच्या आसपास तांबे. हर्नच्या दोन शेरांपुढे हे आकडे डोळे दिपवणारे. खाणधंद्याच्या तराजूत मात्र लहान. शहराजवळ असती तर चालली असती, अशी. कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या डब्ल्यू. आर. ए. बारागर यांनी त्याच वर्षांत लाव्ह्याच्या थरांचे रासायनिक विश्लेषण केले आणि विद्येच्या पदरात बरेच पडले. झुंबड दोन-तीन वर्षांत ओसरली. खाण एकही झाली नाही.

त्यानंतरही कंपन्या येत-जात राहिल्या. गेल्या काही वर्षांत तांब्याला विजेच्या गाड्यांमुळे पुन्हा मागणी आली आहे आणि ऑस्ट्रेलियाची एक कंपनी त्या टेकड्यांवर छिद्रे पाडते आहे. पण मुळातला अडसर फ्रँकलिनने सांगितलेलाच. किनाऱ्यावर ग्रेज बे इथे बंदर आणि तिथून आतपर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटरांचा रस्ता, अशी योजना वर्षानुवर्षे कागदावर आहे. ती झाली तरच या मुलखातले धातू बाहेर निघतील.

आणि आता परवानगी कोणाकडे मागायची हेही बदलले आहे. कॅनडा सरकारशी झालेल्या १९९३ च्या करारानुसार इनुइटांना उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातल्या सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी मिळाली, त्यांतल्या सुमारे दहाव्या हिश्शात जमिनीखालच्या खनिजांसकट. नदीच्या मुखावरच्या गावाचे कॉपरमाइन हे नाव १९९६ मध्ये बदलून कुग्लुक्टुक झाले. बंदराच्या आणि रस्त्याच्या योजनेत इनुइट संस्था आज स्वतः भागीदार आहेत, आणि कॅरिबूच्या वाटेवर तो रस्ता आडवा येईल का, यावर त्यांच्यातच दोन मते आहेत.